दप्तरातलं औषध

जून महिन्यात शाळेची डायरी हातात पडते. मागच्या पानांवर नियम असतात: नखं कापलेली असावीत, बूट काळे असावेत, मोबाइल आणू नये. त्यातच बऱ्याच शाळांच्या डायरीत एक ओळ असते, ‘शाळेत विद्यार्थ्यांना कोणतेही औषध दिले जाणार नाही.’ ती लिहिणाऱ्यांची भीती खरी आहे. शिक्षक काही डॉक्टर नाहीत. एका मुलाची गोळी दुसऱ्याच्या पोटात गेली तर जबाबदार कोण? पण ओळ छापली म्हणून औषध शाळेत यायचं थांबत नाही. ते कंपासपेटीत येतं, डब्याच्या पिशवीत येतं, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेली अर्धी गोळी होऊन येतं. आई सकाळी बजावते, ‘मधल्या सुट्टीत आठवणीने घे हं, आणि बाईंना काही सांगू नकोस.’ मग ते आठ वर्षांचं पोर गोळी कधी घेतं, कधी विसरतं, कधी बाकावरच्या मित्राला कुतूहलाने चाखायला देतं. धोका होता तेवढाच राहतो, फक्त शाळेच्या नजरेआड जातो.

मोठ्या शाळेत दम्याची मुलं असणार, टाइप वन मधुमेहाची असणार, फिट येणारी असणार, शेंगदाण्याने अंगावर गांधी उठणारी असणार. त्यांना घरी बसवता येत नाही. मग त्यांचं औषध उघडपणे, कागदासकट, ठरलेल्या माणसाच्या हाती यावं, आणि जे तातडीचं आहे ते मुलापासून दोन मिनिटांच्या आत असावं. बाकीची सगळी व्यवस्था या दोन गोष्टींसाठी.

आधी हे पाहावं, की शाळेत येणारं औषध कमी करता येतं का. बरंच करता येतं. दिवसातून दोनदा घ्यायचं औषध शाळेत आणायचं कारणच नसतं. फिटच्या नेहमीच्या बहुतेक गोळ्या सकाळ-संध्याकाळमध्ये बसतात. तीनदाचं अँटिबायोटिकही पुष्कळदा शाळेला निघताना, आल्यावर आणि झोपताना असं बसवता येतं, फक्त ते आपल्या मनाने बसवू नये. ‘सकाळची शाळा आहे, पावणेसातला घर सोडतो, दीडला परत येतो’ एवढं एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर घातलं, की ते वेळा जुळवून देतात किंवा दोनदा चालेल असं औषध लिहितात. दुपारच्या शाळेच्या मुलाचं वेळापत्रक वेगळं. सहाला शाळा सुटते, ठाण्याच्या घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामात आणि ट्रकच्या रांगेत बस अडकली तर घरी पोचायला साडेसात. अशा मुलाच्या चार वाजताच्या डोसबद्दल डॉक्टरांशी आधीच बोललेलं बरं. त्यांना शाळेची वेळ कुणी सांगतच नाही, म्हणून ते ‘दुपारी’ असं लिहून मोकळे होतात.

जे औषध यायलाच हवं, त्याच्याबरोबर कागद हवा. ‘बाई, याला दुपारी ही पांढरी गोळी द्या’ अशी चिठ्ठी पुरेशी नाही. मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, जन्मतारीख, आजार, औषधाचं मूळ नाव आणि ताकद किती मिलिग्रॅम, एका वेळी किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, कधीपासून कधीपर्यंत, दिल्यावर काय दिसलं तर घाबरायचं नाही आणि काय दिसलं तर लगेच फोन करायचा, डॉक्टरांची सही-शिक्का, पालकांची सही. फोटो लावावा. एका तुकडीत दोन आर्या आणि तीन आरव असण्याचे हे दिवस आहेत. चुकीच्या मुलाला औषध जाण्याचं सर्वात साधं कारण सारखं नाव हेच असतं.

त्या कागदावर आणखी एक रकाना हवा, जो बहुतेक छापील फॉर्ममध्ये नसतो: मुलाचं वजन, आणि ते कोणत्या तारखेला घेतलं. मुलांचे डोस वजनावर ठरतात. जूनमध्ये २२ किलोचं मूल फेब्रुवारीपर्यंत २५ चं होतं, आणि फिट थांबवायच्या नाकातल्या फवाऱ्याचा डोस मात्र जूनचाच राहतो. शाळेत वजनकाटा असतोच. जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर दोनदा वजन घ्यावं, फरक पडला असेल तर पालकांना कळवावं, नवा आकडा डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगावं.

गोळ्या मूळ पाकिटात असाव्यात, हे सगळे सांगतात. आपल्याकडची खरी अडचण त्याच्या पुढची आहे. केमिस्ट दहा गोळ्यांच्या पट्टीतून चार कापून देतो, आणि नाव, ताकद, मुदत छापलेली कड नेमकी दुकानातच राहते. हाती येतात चार निनावी गोळ्या. शाळेसाठी औषध घेताना अख्खी पट्टी मागावी, आणि वापरताना मुदत छापलेल्या बाजूची गोळी शेवटी काढावी. पट्टी कात्रीने कापूच नये.

पातळ औषधांत घोटाळा अधिक. तापाचं पॅरासिटामॉल घ्या. मुलांना साधारण दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. पण बाजारात ५ मिलीलीटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं सिरप आहे आणि ५ मिलीलीटरमध्ये २५० चंही. पहिल्यातून ३०० मिलिग्रॅम द्यायला साडेबारा मिलीलीटर लागतात, दुसऱ्यातून सहा. घरची बाटली संपली, वडिलांनी येताना दुसरी आणली, रंग तोच, वास तोच, आणि शाळेच्या कागदावर नुसतं ‘साडेबारा मिली’ लिहिलेलं. मूल दुप्पट औषध पितं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून कागदावर मिलीलीटरबरोबर मिलिग्रॅम लिहायचं, बाटली बदलली की कागद बदलायचा, आणि बाटलीबरोबर आलेल्या मापानेच द्यायचं. घरातला चमचा कधी तीन मिलीचा भरतो, कधी सातचा.

तापाच्या औषधात दुसरी चूक वेळेची. कणकण होती म्हणून आईने साडेसहाला डोस दिला आणि परीक्षा बुडू नये म्हणून मुलाला पाठवलं. नऊ वाजता अंग तापलं, शाळेच्या सिस्टरनी, म्हणजे नर्सनी, पुन्हा डोस दिला. दोन डोसांत किमान चार तास हवेत, सहा असले तर उत्तम, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. तेव्हा आधी फोन, ‘सकाळी काय दिलं, किती वाजता?’, आणि मग बाटली. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. ठाणे-नवी मुंबईत जुलै ते ऑक्टोबर डेंग्यूचे दिवस असतात, आणि डेंग्यूत आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शाळेच्या पेटीत तापासाठी पॅरासिटामॉलशिवाय काही ठेवूच नये. निमेसुलाइड हे तापा-दुखण्याचं औषध तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून देशात बंद आहे. तरीही जुन्या प्रथमोपचार पेट्यांच्या तळाशी त्याच्या पट्ट्या पडून राहू शकतात. पेटी वर्षातून एकदा टेबलावर उलटी करावी.

दिलेल्या प्रत्येक डोसची नोंद वहीत हवी: तारीख, वेळ, मूल, औषध, किती दिलं, किती शिल्लक, कुणी दिलं. शिल्लक हा रकाना लोक सोडून देतात, पण चूक पकडून देतो तोच. तेरा गोळ्या असायला हव्यात आणि बारा आहेत, म्हणजे एक तरी कुणाला दोनदा गेली किंवा लिहायची राहिली. नोंद औषध दिल्याबरोबर करायची. सकाळीच आठवड्याचे रकाने भरून ठेवणं किंवा शुक्रवारी पाचही दिवसांच्या सह्या एकदम ठोकणं, यापेक्षा वही नसलेली बरी. निदान खोटा विश्वास तरी बसत नाही. आणि चूक झालीच तर ती अर्ध्या तासात पालकांना आणि डॉक्टरांना कळली पाहिजे. मुख्याध्यापकांनी ज्या दिवशी चूक सांगायला आलेल्या सिस्टरना सर्वांदेखत झापलं, त्या दिवसापासून त्या शाळेत चुका कागदावर यायच्या बंद होतात.

आता कपाट. रोजची औषधं कुलपात हवीत, यात वाद नाही. एकाग्रतेच्या अडचणीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत, मोडतं, त्याची गोळी न् गोळी मोजून ठेवायची. शक्यतो दिवसभर पुरणारा प्रकार घरीच सकाळी द्यावा. पण तातडीची औषधं, म्हणजे दम्याचा पंप, साखर, फिटचा फवारा, ही कुलपात टाकणं म्हणजे ती नसल्यासारखीच. ठाण्यातल्या पुष्कळ शाळा एकाच इमारतीत दोन सत्रांत भरतात. सकाळच्या सत्राच्या बाई साडेबाराला किल्ली पर्समध्ये घेऊन लोकल पकडतात, आणि दोन वाजता दुपारच्या सत्रातल्या मुलाला धाप लागते. या प्रसंगासाठी फार मोठी योजना लागत नाही. तातडीच्या औषधांचा ठळक रंगाचा उघडा डबा ऑफिसात, मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर असावा. दोन्ही सत्रांच्या लोकांनी साडेबाराला तो एकमेकांना सही करून सोपवावा, आणि प्रत्येक मजल्यावरच्या मावशींना तो कुठे आहे हे माहीत असावं. मावशींचा उल्लेख मुद्दाम केला. मूल बाथरूममध्ये कोसळतं तेव्हा पहिल्यांदा त्याच पोचतात, आणि प्रशिक्षणाला मात्र त्यांना कुणी बोलावत नाही.

दम्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथल्या हवेत तो नेहमीचा झाला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले आणि तळोज्याचे कारखाने, बांधकामांची धूळ, पावसाळ्यात ओल धरलेल्या वर्गांच्या भिंती, दिवाळीचे फटाके. त्यात पालकांच्या मनात ‘पंपाची सवय लागते’ ही भीती, म्हणून ते शाळेला सांगतच नाहीत. पंपाची सवय लागत नाही. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, आकसलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतो. दुसरा असतो तो रोज घ्यायचा, सूज कमी ठेवणारा. तो घरी, सकाळ-संध्याकाळ. शाळेत निळाच हवा, आणि त्याच्याबरोबर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी. स्पेसरशिवाय लहान मूल पंप दाबतं तेव्हा बरंचसं औषध जिभेवर आणि घशाच्या मागे बसतं, फुप्फुसात थोडंच पोचतं.

धाप लागली की मुलाला बसवावं, आडवं करू नये. पंप जोरात हलवावा, स्पेसरला लावावा, एक दाब, आणि त्याच दाबावर मुलाने चार ते सहा श्वास संथ घ्यावेत. मग पुन्हा हलवून दुसरा दाब. दोन-तीन दाब एकदम मारून एकच मोठा श्वास घ्यायला लावणं ही हमखास होणारी चूक. किती दाब आणि किती मिनिटांनी पुन्हा, हे मुलाच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलेलं असावं. चार दाब, चार मिनिटं थांबून फरक नसेल तर आणखी चार, ही प्रथमोपचारात शिकवली जाणारी एक पद्धत. बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, किंवा मूल एकदम गप्प आणि सुस्त होतं, यातलं काहीही दिसलं तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत पंप चालूच. शिट्टीसारखा आवाज थांबला म्हणून हायसं वाटू देऊ नये. हवाच आत-बाहेर होत नसेल तरी आवाज थांबतो.

पंप रिकामा झाला हे ओळखणं अवघड. साधारण २०० दाबांनंतर औषध संपतं, पण नुसता वायू फुसफुसत राहतो. पाण्यात टाकून तरंगतो का पाहायची जुनी युक्ती भरवशाची नाही, शिवाय तोटी खराब होते. आकडा दाखवणारा पंप घ्यावा किंवा वापरल्याची नोंद ठेवावी. बरेच दिवस न वापरलेला पंप आधी दोन-तीनदा हवेत दाबून घ्यावा. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवावा. फडक्याने घासून पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं. पीटीच्या तासाला धाप लागणाऱ्या मुलाला तासाआधी दहा-पंधरा मिनिटं पंप घ्यायला डॉक्टर सांगतात. तेवढं जमवलं तर ते मूल खो-खो खेळतं. त्याला कायमचं बाकावर बसवून ठेवायची गरज नसते.

टाइप वन मधुमेहाच्या मुलाची शाळा सर्वांत जास्त माणसांच्या हातून जाते. त्याच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, आणि त्यात त्याच्या खाण्याचा काही दोष नसतो. ‘गोड फार खायचा का हो?’ हा प्रश्न स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी बंद करायला हवा. शाळेत घाबरायचं ते मुख्यतः साखर कमी होण्याला. रक्तातल्या साखरेचा आकडा ७० च्या (मिलिग्रॅम दर डेसीलीटरला) खाली गेला, की घाम, थरथर, भूक, चिडचिड. कधी नुसतंच खिडकीबाहेर पाहणं, कधी येणाऱ्या बेरजा अचानक चुकणं. डब्यातली पोळी अर्धी राहिली, पीटी नेहमीपेक्षा जास्त झाली, परिपाठ लांबला आणि मधली सुट्टी वीस मिनिटं पुढे गेली, एवढ्यावरही हे घडतं.

उपाय सोपा, आणि तो वर्गातच करायचा. ग्लुकोजची पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून: वजनाच्या दर किलोला साधारण ०.३ ग्रॅम. म्हणजे ३० किलोच्या मुलाला नऊ-दहा ग्रॅम, चहाचे दोन-अडीच सपाट चमचे. ५० किलोच्या मुलाला १५ ग्रॅम. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, आकडा ७० च्या वर आला नसेल तर पुन्हा तेवढंच. पुढचं खाणं तासाभराहून लांब असेल तर त्यावर बिस्किटं किंवा अर्धी पोळी. चॉकलेट देऊ नये, त्यातली चरबी साखर रक्तात पोचायला उशीर लावते. मीटर हाताशी नसेल तर तपासणीसाठी न थांबता साखर द्यायची. आणि ‘जा, सिक रूममध्ये जाऊन ये’ असं एकट्याला कधीच पाठवायचं नाही. दोन जिन्यांमध्ये मूल बेशुद्ध पडू शकतं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८. घरच्यांनी साखर वाढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन ठेवलं असेल आणि देणारं माणूस शिकलेलं असेल तर तेव्हाच.

लहानसहान गोष्टीत आकडे फसवतात. जूनमध्ये डब्यात आंब्याची फोड असते, बोटाला रस लागलेला असतो, आणि मीटर २९० दाखवतं. आधी हात पाण्याने धुऊन, कोरडे करून मगच टोचायचं. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावलेल्या मुलाचा आकडा खऱ्या रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो, म्हणून सेन्सर ९५ म्हणतोय आणि मूल घामाघूम आहे, तर बोट टोचून बघायचं. सेन्सर वाचायला फोन लागतो; ‘मोबाइल आणू नये’ या नियमाला या मुलापुरता लेखी अपवाद करावा, नाहीतर दर नव्या शिक्षकाशी नवी हुज्जत. आकडा २५० च्या वर असेल तर पाणी पिऊ द्यावं, बाथरूमला कितीदाही सोडावं, पालकांना कळवावं. सोबत उलट्या होत असतील तर वाट न पाहता दवाखाना. इन्शुलिन आपल्या अंदाजाने कुणी देऊ नये.

इन्शुलिनचं न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचं. फ्रीझरजवळ गोठलं की ते वाया. वापरात असलेलं बाहेर चालतं, साधारण चार आठवडे, पण ३० अंशांखाली, आणि एप्रिलमध्ये ठाण्यात ३० अंशांखालची खोली शोधावी लागते. विजेचा भरवसा नसेल तिथे मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्याच्या गारव्यात ठेवलेली डबी चांगलं काम देते. उन्हात उभ्या बसमध्ये राहिलेलं दप्तर मात्र इन्शुलिनचा शेवट करतं. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत. कचरा गोळा करणाऱ्या बाईंचा हातही कुणाचा तरी हात आहे. परीक्षेबद्दल एक गोष्ट ठाऊक असावी: सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविचसारखा खाऊ आणि पाण्याची बाटली नेण्याची मुभा दिली आहे. बोर्डाला जे चालतं, ते चाचणी परीक्षेच्या पर्यवेक्षकांना न चालण्याचं कारण नाही. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

फिट आली की घड्याळ पाहायचं. हे सर्वांत आधी, कारण पाच मिनिटं ही हद्द आहे आणि भेदरलेल्या माणसाला दोन मिनिटं वीस वाटतात. बाक बाजूला, डोक्याखाली दुमडलेला स्वेटर किंवा दप्तर, टाय आणि कॉलर सैल, झटके ओसरले की कुशीवर. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा-बोट-पाणी काही घालायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांचा काहीही उपयोग नसतो. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. पाच मिनिटांनंतरही चालू असेल तर मिडाझोलामचा नाकातला फवारा, डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर. डोस साधारण दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे २५ किलोच्या मुलाला ५ मिलिग्रॅम. एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम असेल तर दहा फवारे, पाच-पाच दोन्ही नाकपुड्यांत. कमी-जास्त ताकदीच्या बाटल्या मिळतात, म्हणून फवाऱ्यांचा आकडा त्या बाटलीवरच ठळक चिकटवलेला असावा. त्या क्षणी कुणी भागाकार करू शकत नाही. नवी बाटली आधी हवेत दाबून चालू करून ठेवायची. नंतर मूल झोपतं, कपडे ओले झालेले असू शकतात. एक बदलायचा जोड शाळेत असावा, आणि वर्गातली बाकीची मुलं पाहत राहणार नाहीत एवढी काळजी कुणीतरी घ्यावी.

तीव्र अॅलर्जीत उपाय अॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. परदेशात मिळतं तसं तयार पेन आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही. अँप्यूलमधून, म्हणजे काचेच्या कुपीतून, सिरिंजमध्ये भरून द्यायचं काम शिकलेल्या नर्सचंच. त्यामुळे इथे टाळण्यावर भर हवा. दाण्याचा कूट पोह्यांत, साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत असतो, आणि वाढदिवसाच्या दिवशी वर्गात वाटलेल्या खाऊच्या पाकिटावर बारीक अक्षरात. अंगावर गांधी, त्यासोबत आवाज घोगरा, उलटी किंवा चक्कर, असं दिसलं की नुसत्या अॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नये. मुलाला उभं करू नये, चालवू नये, आणि लगेच १०८.

१०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे, आणि गाडी फाटकाशी येईपर्यंतचा वेळ शाळेलाच सांभाळायचा असतो. फोनवर शाळेचं नाव पुरत नाही. जवळचं ओळखीचं ठिकाण, कोणत्या फाटकातून गाडी आत येईल, मुलाचं वय आणि वजन, असा मजकूर फोनशेजारी लिहून ठेवावा, आणि सुरक्षारक्षकाने तेवढ्यात फाटकासमोरच्या स्कूल बस हलवाव्यात. जवळचं बालरोग विभाग असलेलं रुग्णालय कोणतं, कळव्याचं की वाशीचं महापालिकेचं की पलीकडच्या गल्लीतलं खाजगी, हे आधी ठरवलेलं असावं. पालकांच्या संपर्काबाबत या भागापुरती एक सूचना. आई फोर्टला, बाबा अंधेरीला. गाड्या वेळेवर असल्या तरी दीड तास, आणि पावसात रुळांवर पाणी आलं तर सांगता येत नाही. फॉर्मवर दोन्ही पालकांचे नंबर असले तरी तिसरा नंबर खाडीच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाचा हवा, जो पंधरा मिनिटांत पोचतो आणि ज्याला सही करायची परवानगी पालकांनी लेखी दिली आहे. आजी, मावशी, सोसायटीतल्या काकू, कुणीही.

सरकारी मोहिमांचे दिवस वेगळे सांभाळावे लागतात, कारण त्या दिवशी औषध एकदम सर्वांना जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्याची पथकं वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलं तपासतात. पथकाने ज्या मुलाच्या नावापुढे ‘संदर्भित’ लिहिलं, ते मूल खरंच रुग्णालयात पोचलं का, याचा पाठपुरावा वर्गशिक्षिकेने केला तरच त्या तपासणीला अर्थ. जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, गिळायची नाही; आजारी मुलाला त्या दिवशी द्यायची नाही, आणि फिटचा इतिहास असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारायचं. लोहाची साप्ताहिक गोळी सोमवारी देतात. श्रावणी सोमवारी शाळा अर्धा दिवस आणि मोठ्या मुलींचे उपास. रिकाम्या पोटी लोह गेलं की मळमळ, एकीला उलटी झाली की तिघींना होते, आणि पुढच्या सोमवारी अर्धा वर्ग गोळी खिशात टाकतो. श्रावणात वार बदलून घ्यावा. शौच काळी होते हेही आधीच सांगून टाकावं.

पाळीच्या दुखण्यावर मुली एकमेकींना गोळ्या देतात, दप्तरातून दप्तरात. अशा दुखण्यावर घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अॅसिडच्या एका दुर्मीळ पण गंभीर त्वचेच्या प्रतिक्रियेबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने सावध केलं होतं. मुलींना रागावून हे थांबत नाही. गरम पाण्याची पिशवी, पडायला खाट, आणि कोणताही पुरुष शिक्षक मध्ये न येता सिस्टरपर्यंत जायची वाट, एवढं शाळेत असलं की दप्तरातली देवघेव कमी होते.

कुणाला काय माहीत असावं, हा नाजूक भाग. मुलाच्या फिटबद्दल वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘सर्वांनी काळजी घ्या’ असा संदेश टाकणं हा चांगल्या हेतूने केलेला अन्याय आहे. विशेषतः मुलींच्या घरचे आजार लपवतात ते याच भीतीने, उद्या लग्नाच्या वेळी कुणाला तरी आठवेल म्हणून. माहिती हवी वर्गशिक्षिकेला, पीटीच्या सरांना, बसमधल्या ताईंना, मजल्यावरच्या मावशींना. आणि बदली तासाला येणाऱ्या शिक्षकांना, जिथे साखळी हटकून तुटते. हजेरीपटाच्या मागच्या कव्हरला बंद पाकीट, त्यात एका पानावर मुलाची योजना, हा उपाय मला सर्वांत पटतो. हजेरीपट ज्याच्या हातात, पाकीट त्याच्या हातात. भिंतीवर यादी लावू नये. सहलीला निघताना तीच पानं आणि तीच औषधं प्रत्येक मुलाच्या नावाच्या वेगळ्या पाऊचमध्ये, शिक्षकाच्या खांद्यावरच्या पिशवीत. बसच्या डिकीत सामानाखाली गेलेलं पाऊच खंडाळ्याच्या घाटात उपयोगाचं नसतं.

हे सगळं मोठ्यांनी करायचं, पण कायम नाही. दुसरीतल्या मुलाने ‘मला कसंतरी होतंय’ एवढं सांगायला शिकायचं. पाचवीत बोट स्वतः टोचायचं, आकडा बाईंना दाखवायचा. आठवीत पंप स्वतःजवळ ठेवायचा, उरलेले दाब मोजायचे, घेतला की सिस्टरना सांगायचं. दहावी संपेपर्यंत आपल्या औषधाचं नाव, ताकद, वेळ, आणि ते चुकलं तर काय होतं, हे त्याला आईकडे न बघता सांगता आलं पाहिजे. कारण ज्युनिअर कॉलेजात वर्ग शंभराचा असतो, हजेरीपटामागे पाकीट नसतं, आणि सिक रूमला कुलूप असतं. तिथे पहिल्याच आठवड्यात त्याने शेजारी बसणाऱ्या दोघांना स्वतःहून सांगायचं, मला काय होतं आणि पंप दप्तराच्या कोणत्या कप्प्यात आहे.